घड्याळ डब्यात कशाला ठेवालीस

प्रिय छकू,

व्हॉइस मेसेजच करणार होतो, पण आई इथंच शेजारी गवारी निवडत बसलीय आणि तुझ्या त्या ओमेगा स्पीडमास्टर घड्याळाची खरी किंमत तिला अजून माहीत नाही, म्हणून टाईप करत बसलोय, एका बोटानं. ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नको. आईला मी 'असेल पंधरावीस हजाराचं' असं सांगून ठेवलंय आणि तेवढ्यावरच ती अर्धा तास बोलली, तेव्हा बाकीचं तू आल्यावर तुझं तू बघ.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. दोन महिने झाले तरी घड्याळ डब्यातच आहे, रविवारी रूमवर अर्धा तास घालते, कापडानं पुसते आणि परत ठेवते, रोज घालू काय नको ते सांगा. वाचून पहिल्यांदा हसूच आलं. सहा वर्षं पैसे साठवून घेतलेली वस्तू आणि परवानगी बाबाकडं मागालीस, ती पण घेऊन झाल्यावर.

खरं सांगू काय, तू फोनवर किंमत सांगितलीस ना त्या दिवशी मी गप्प झालो होतो ते आठवत असेल तुला. तुला वाटलं रेंज गेली. रेंज नव्हती गेली. माझ्या डोक्यात एकच चालू होतं की एवढ्यात एक चांगली सेकंडहॅन्ड लेथ आली असती, लोखंडाचा तुकडा धरून फिरवणाऱ्या चकसकट, आणि वर शेडचं काही महिन्यांचं भाडं सुटलं असतं. चाळीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांत काढलेल्या माणसाला पैशाचा आकडा ऐकला की मशीनच दिसतं, त्याला इलाज नाही. दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. मग आठवलं की माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे कुणी भरले, आणि गप्प बसलो. तेव्हा किंमतीचा विषय आपल्या दोघांत संपला. आता रोज घालायचं काय ते बोलू.

तू आठवीत होतीस तेव्हा कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं पेपरच्या पुरवणीतला चंद्रावरचा फोटो चिकटवला होतास. अजून आहे तो, कडा पिवळ्या पडल्यात, आईनं दोनदा काढायला घेतला होता, मी काढू दिला नाही. एकदा जेवताना मी म्हणालो आर्मस्ट्राँगच्या हातात बघ कसलं घड्याळ आहे, तर तू भाकरी हातातच धरून मला शिकवलंस की बाबा ते आर्मस्ट्राँगचं नाही, आल्ड्रिनचं. यानातलं टायमर नीट चालत नव्हतं म्हणून आर्मस्ट्राँगनं आपलं घड्याळ आतच ठेवलं आणि आल्ड्रिन हातात घालून उतरला, स्पेससूटवरून, लांब वेल्क्रोच्या पट्ट्यानं बांधून. जुलै १९६९. मी तेव्हा पहिलीदुसरीत असेन, आमच्या गल्लीत ती बातमी रेडिओवर आली होती म्हणे, मला काही आठवत नाही. पण तुझं ते बोलणं आठवतं कारण तुझी आमटी गार झाली होती आणि आई ओरडली होती.

नंतर तू मला नासानं घेतलेल्या टेस्टचं सांगितलंस, ते मात्र माझ्या धंद्यातलं म्हणून नीट लक्षात राहिलं. घड्याळं भट्टीत घातली ९३ डिग्रीपर्यंत, मग उणे १८ ला गार केली, ४० जीचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट धक्के दिले, व्हॅक्यूममध्ये ठेवली, व्हायब्रेशन दिलं, आणि हे सगळं होऊन त्यांच्या कसोटीला टिकलं ते ओमेगाचं स्पीडमास्टर, १ मार्च १९६५ ला पास. आमच्याकडं एखादा जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, इन्स्पेक्शनला गेला आणि साहेबानं दहा मायक्रॉनसाठी परत पाठवला की आम्ही दोन दिवस शिव्या घालायचो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धर, म्हणजे दहा मायक्रॉन काय ते बघ. तर असल्या टेस्टिंगबद्दल मला आदर आहे.

आता कुणी म्हणेल की चंद्रावर टिकलेलं घड्याळ बेंगळूरच्या ऑफिसात नेऊन काय होणार आहे. हा मुद्दा तुझ्या दादानंच काढला काल. ऐकायला बरा वाटतो पण खोटा आहे, कारण तिथं घड्याळ फुटलं असतं तर नासा बघून घेणार होती, तुझं फुटलं तर तूच बघणार. चंद्राचा आधार घेऊन मी तुला काही सांगणार नाही. फक्त एक गोष्ट त्यातली मला फार लागली, ती तूच सांगितली होतीस. आल्ड्रिनचं ते चंद्रावर जाऊन आलेलं घड्याळ नंतर म्युझियमला पाठवताना वाटेत हरवलं ते आजतागायत सापडलं नाही. चंद्रावर नाही हरवलं, समुद्रात उतरताना नाही हरवलं. जपून ठेवायला पाठवलं तिथं हरवलं.

बरं, माझ्या घड्याळाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे.

कामाला लागल्यावर तिसऱ्याचौथ्या पगारात मी एचएमटी जनता घेतलं. मला खरं म्हणजे कांचन पाहिजे होतं. तेव्हा कांचन म्हणजे जावयाचं घड्याळ, ऑटोमॅटिक, सोनेरी, दुकानात विचारलं तर दुकानदार वर न बघताच नाही म्हणायचा. मग जनता. पांढरी डायल, त्यावर देवनागरीत जनता लिहिलेलं, आत १७ ज्वेल, म्हणजे चाकं ज्यांवर फिरतात ते बारीक खडे, रोज किल्ली द्यायची. आपल्याच राज्यातलं घड्याळ ते, बेंगळूरला जलाहळ्ळीत एचएमटीनं १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं घड्याळं करायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये सरकारनं घड्याळाची कंपनी बंद करायचं ठरवलं. तिथं आता त्यांचं म्युझियम आहे, तुझ्यापासून लांब नसेल, एकदा जाऊन ये आणि जनता दिसलं तर फोटो पाठव.

सकाळी सहाला उठून चहाच्या आधी किल्ली द्यायची, पंचवीस ते तीस वेढे, अंगठा आणि बोटात आतली स्प्रिंग ताठ व्हायला लागलेली कळते, मग थांबायचं. हे मी बावीस वर्षं केलं. सायकलवरनं शहापूरहून निघायचं आणि तिसऱ्या रेल्वे गेटजवळ आलं की गेट बंद. तेव्हा तिथं पूल नव्हता. एका बाजूला पन्नाससाठ सायकली, पलीकडं तेवढ्याच, मधे मालगाडी सरकायलीय, आणि सगळ्यांचं लक्ष आपापल्या मनगटाकडं. ज्याच्याकडं घड्याळ नसायचं तो शेजारच्याचं मनगट धरून वळवून बघायचा, विचारायचा पण नाही. माझं मनगट लई जणांनी वळवलंय.

पण एक ऐक. ते घड्याळ मी रोज घालायचो म्हणतोय तरी दिवसातले आठ तास ते माझ्या हातात नसायचं. लेथवर घड्याळ, अंगठी, लांब बाही काही चालत नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर एक पोरगा होता, नवाच, स्टीलचा पट्टा चकला अडकला त्याचा. हात राहिला, देवाची कृपा, पण मनगटाची काय दशा झाली ते मी बघितलंय. तेव्हापासून शिफ्ट चालू झाली की घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये, कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून, आणि भोंगा झाला की हात धुऊन परत मनगटावर. तेव्हा रोज घालणं म्हणजे चोवीस तास घालणं असं काही नाही. कुठं काढायचं ते ठरलं की बाकीच्या वेळी डोक्याला ताप राहत नाही.

एकदा मी ते चुकून सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर, म्हणजे जॉब चुंबकानं धरून ठेवतो त्या पाटावर ठेवलं. वेंधळेपणा, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी शिफ्टला पाऊण तास आधी हजर, गेटवरचा वॉचमन म्हणाला आज घरात भांडण झालं काय. घड्याळ सुसाट पळत होतं. गणपत गल्लीत जिन्याखाली एक घड्याळजी बसायचे, त्यांनी भिंग लावून उघडलं आणि मला पण बघायला दिलं, आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिचे वेढे एकमेकाला चिकटलेले. चुंबक लागलं की असं होतं, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढं पळतं. त्यांनी एका कॉइलवर धरून चुंबकत्व काढलं, दोन मिनिटांचं काम, पैसे पण घेतले नाहीत, म्हणाले पुढच्या वेळी घेतो. तुझ्या घड्याळाला हा त्रास नाही, १५,००० गाऊसपर्यंतच्या चुंबकानं काही होत नाही असं तूच सांगितलंस. मी दादाला ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. लॅपटॉपवर हात ठेव, मोबाईलशेजारी ठेव, काही फरक पडणार नाही. हे ऐकून मला जनतासाठी वाईट वाटलं.

आता आमच्या स्टीलच्या कपाटातली गंमत सांगतो. वरच्या कप्प्यात चार घड्याळं आहेत, सगळी भेट आलेली. दोन दादाच्या लग्नात, एक तुझ्या मामानं दिलेलं, एक मी रिटायर झालो तेव्हा. (भिंतीवरची वेगळी. रिटायर होणाऱ्या माणसाला भिंतीवरचं घड्याळ का देतात हे मला कळलेलं नाही, आता कुठं जायचं असतं त्याला वेळेवर.) सगळी चांगली म्हणून ठेवलेली, एकाच्या काचेवरचं प्लास्टिक पण तसंच होतं. गेल्या पावसाळ्यात काढली तर तीन बंद, आणि दोघांच्यात सेल फुटून हिरवट बुरशीसारखं काहीतरी पसरलेलं, मशीन खलास. म्हणजे मी ती जपली म्हणूनच मेली. घातली असती तर सेल संपला की बदलला असता. तुझ्यात सेल नाही, किल्लीचं आहे, त्यामुळं हा धोका नाही हे कबूल. फक्त आमच्या घरात 'चांगलं म्हणून ठेवलेलं' कुठं जातं ते सांगितलं.

आणि हे मला आईच्या सोन्यावरनं जास्त कळलं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या एका बांगडीचा सांधा सुटला म्हणून आम्ही सराफाकडं गेलो होतो. चार बांगड्या, लग्नातल्या, त्या दिवसापासून हातात. बाळंतपणात सूज आली तेव्हा काढल्या असतील तेवढ्याच. आईनं लग्नातली पावती आणली होती, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, त्यावर चार बांगड्या मिळून ४० ग्रॅम. सराफानं काट्यावर ठेवल्या तर ३७ ग्रॅम आणि वर थोडं. आई एकदम सावध झाली. काटा बरोबर हाय काय, म्हणाली, परत ठेवा बघू, मी बघतो. त्यानं परत ठेवलं, तेवढंच. मग तो म्हणाला वहिनी, तीस वर्षं भाकरी थापताय, धुणं धुताय, भांडी घासताय, सोनं झिजणार की. आई म्हणाली, म्हणजे जवळजवळ तीन ग्रॅम सोनं तुम्ही सगळ्यांनी भाकरीतनं खाल्लंय होय. आणि माझ्याकडं बघितलं. मी तर काय, पोटावर हात ठेवून उभा राहिलो.

बांगड्या आतल्या बाजूनं चपट्या झाल्यात, एकमेकीवर घासून कडा गोल झाल्यात, नक्षी होती ती आता नखानंच कळते. सराफ म्हणाला मोडून नव्या करा, डिझाईन पण नवीन येईल. नको म्हणाली. सांधा जोडून घेतला आणि तिथंच घातल्या.

दुसरीकडं तिची मोहनमाळ आहे लॉकरमध्ये. आजीनं दिलेली, वजन पावतीवर आहे तेवढंच आजही भरेल, कारण ती झिजायला घातली कुठं? तुझ्या मावशीच्या लग्नात, दादाच्या लग्नात, वास्तुशांतीला, अजून एकदोनदा. वर्षातनं एकदा आम्ही लॉकर चालवायला जातो. मी बाहेर बाकड्यावर बसतो. एकदा आईला वेळ लागला म्हणून मी दारातनं डोकावलो, तर ती माळ गळ्यात घालून, तिथं आरसा नाही म्हणून मोबाईलचा कॅमेरा उलटा करून त्यात बघत होती. घरातल्याच साडीवर. मान जरा इकडं, जरा तिकडं. मग काढली, डबीत ठेवली, डबी कापडात, कापड पिशवीत. मी मागं सरकलो आणि बाकड्यावर येऊन बसलो. तिला अजून माहीत नाही मी बघितलं ते.

रविवारी रूमवर अर्धा तास घालते असं तू लिहिलंस ना, तेव्हा मला तो लॉकर दिसला बघ.

तेव्हा माझं म्हणणं, घाल. सोमवारपासूनच घाल. पण डोळे उघडे ठेवून घाल म्हणजे नंतर बाबानं सांगितलं म्हणून झालं असं नको.

ओरखडे पडणारच. तुझ्या घड्याळाची काच हेसलाईटची आहे म्हणालीस, म्हणजे अॅक्रिलिक, एक प्रकारचं प्लास्टिकच. मला आधी वाटलं एवढे पैसे घेऊन प्लास्टिक देतात काय, मग कळलं की काच फुटून तुकडे यानात उडू नयेत म्हणून तसं केलेलं. ते दाराच्या चौकटीला लागलं तरी चरा पडेल, पण तो पॉलिशच्या पेस्टनं हातानं घासून जातो, दहा मिनिटं लागतात. काकाला देऊ नको घासायला, तो ब्रासो घेऊन येईल. स्टीलवर पडलेल्या ओरखड्याचं मात्र वेगळं आहे. ते घालवायला सर्व्हिसिंगला दिलं की काही लोक बफवर धरतात, चकाचक करून देतात, आणि कडा मारून टाकतात. बफिंग म्हणजे मटेरियल काढणं, गेलेलं मटेरियल परत येत नाही, हे मी तुला शपथेवर सांगतो. ओरखडे राहू देत, कडा राहू देत. देताना लिहूनच दे की पॉलिश नको.

पहिला ओरखडा वाईट असतो. आमच्याकडं नवीन मशीन आलं होतं एकदा, पूजा केली, हार घातला, मालक रोज संध्याकाळी स्वतः कापड मारून जायचे आणि आम्ही सगळे त्याच्याजवळ चोरासारखे वावरायचो, हात लावला तर बोलणी खावी लागतील म्हणून. दहाबारा दिवसांनी एकाच्या हातनं पाना पडला आणि रंगाचा टवका उडाला, आत राखाडी बीड दिसायला लागलं. मालक दिवसभर बोलले नाहीत कुणाशी. पण खरं काम त्या मशीनवर दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. तुझा टवका लवकर उडू दे असं म्हणत नाही मी, बाप आहे. उडाला तर मला फोन कर, रडायचं असलं तर रड, आणि दुसऱ्या दिवशी परत घाल.

पाण्याचं बघून घे. ५० मीटर लिहिलंय म्हणजे ५० मीटर बुडी मारायची असं नाही ते, हात धुताना, पावसात काही होणार नाही, पण पोहायला वगैरे नको आणि ओल्या हातानं बाजूची ती दोन बटणं दाबत बसू नको. किल्ली रोज एकाच वेळी दे, ५० तास चालतं म्हणून दोन दिवस सोडू नको, आणि ताठ झाली की थांब, जोर लावायचा नाही. पाचसात वर्षांनी सर्व्हिसिंग लागेल, ते काही गणपत गल्लीतल्यासारखं पुढच्या वेळी घेतो नसणार, चांगलाच आकडा असेल, आत्तापासून महिन्याला थोडे बाजूला टाक. बिलाचा, वॉरंटी कार्डाचा, मागच्या नंबरचा फोटो काढून मला मेल कर. इन्शुरन्स मिळतो काय ते विचार, आणि त्यात घराबाहेर हरवलेलं धरतात काय ते आधी वाच, नुसतं घरातलं धरत असतील तर काय उपयोग.

गर्दीत काढ. आपल्याकडं गणपती विसर्जनाला येशील तेव्हा घालू नको, मिरवणुकीत मीसुद्धा खिशात पन्नास रुपयांवर ठेवत नाही. रात्री मेट्रोतनं एकटी येताना बाही खाली ओढून घे. ही काही भीती घालत नाही, लेथवर काढायचो तसंच हे.

ऑफिसातल्या लोकांचं मला काही सांगता येणार नाही. तू लिहिलंस की टीममधल्या एकानं ओळखलं आणि हसत म्हणाला काय पगार जास्त झाला काय. दोनचार दिवस बोलतील. ज्याला घड्याळातलं कळतं तो चंद्राचं विचारेल, ज्याला कळत नाही त्याला ते काळ्या डायलचं एक घड्याळ दिसेल, हिरे तर नाहीत लावलेले. वहिनी म्हणाली ४२ मिलिमीटर म्हणजे जेन्ट्स झालं, मुलीच्या हाताला मोठं दिसतं. मनगट तुझं आहे. मी कधी मापात चूक काढत नाही, पण हे माप तिनं घ्यायचं नव्हतं.

आणि एक शेवटचं, हे दादाला सांगितलं तर तो चिडला माझ्यावर. महिनादीड महिना रोज घालून बघ. तरी दिवसभर सगळं लक्ष मनगटावरच राहत असेल, कुणाला हात मिळवताना, बसमध्ये दांडा धरताना, टेबलावर कोपर टेकताना जीव वरखाली होत असेल, तर विकून टाक. डबा, कागद सगळं आहे, जे काय येतील ते येतील, थोडं नुकसान होईल. त्यात कमीपणा काही नाही. मी कांचनच्या मागं चार वर्षं होतो आणि एकदा मित्राचं दोन दिवस घालायला मिळालं तर ते मनगटावर जड लागायला लागलं, दुसऱ्याच दिवशी परत देऊन आलो आणि जनताला किल्ली दिली. काही वस्तू दुसऱ्याच्या हातातच चांगल्या दिसतात. तुझी तशी आहे काय ते डब्यात ठेवून तुला कधीच कळणार नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येणार आहेस ना, घालूनच ये. स्टेशनला मी येतो स्कूटर घेऊन. काका विचारणारच, कितीला घेतलंस, त्याला म्हणावं ऑफिसनं दिलं. आईला मात्र खोटं सांगू नको, खरा आकडा सांग, पण जेवण झाल्यावर, आणि मी कुंदा आणून ठेवतो. ओरडेल. मग हात ओढून जवळ धरून बघेल, मला माहीत आहे ती, आणि मग तिला विचार की एकदा मोहनमाळ आणायची काय लॉकरमधनं, तुझ्याबरोबर कुठंतरी जायला, कपिलेश्वराला जाऊ नाहीतर नुसतं कॅम्पात फिरून येऊ. मी विचारलं तर म्हणेल कशाला, चोर हायत. तू विचार.

आणि रविवारी सकाळची किल्ली मला देऊ दे. सहा वाजता, मी उठलेलाच असतो. अंगठा अजून बरोबर सांगतो कुठं थांबायचं ते.

तुझा,
बाबा

ता. क. आई आत्ता विचारायलीय, मगापासून एवढं काय लिहालाय. गॅसचा नंबर लावालोय म्हणालो. एवढा वेळ? म्हणाली. सर्व्हर डाऊन हाय म्हणालो.